स्किझोफ्रेनिया म्हणजे एका देहात दोन माणसं नव्हेत

‘एकाच देहात दोन माणसं राहतात, तो स्किझोफ्रेनिया’ हा समज सिनेमा-मालिकांनी घरोघरी पोहोचवला. तो साफ चुकीचा आहे.

स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली हा शब्द घडवला. ग्रीक ‘स्खिझेइन’ म्हणजे दुभंगणं, ‘फ्रेन’ म्हणजे मन. आधीचं नाव होतं ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’, अकाली बुद्धिभ्रंश. पण आजार तरुणपणीच जडतो आणि बुद्धी हमखास ढासळते, हे ब्लॉयलर यांना पटत नव्हतं. त्यांना दिसला तो विचार, भावना आणि वागणं यांच्यातला तुटलेला मेळ. दुभंग म्हणजे हा, दोन व्यक्तिमत्त्वं नव्हेत. आलटून पालटून वेगळी व्यक्तिमत्त्वं दिसणं हा निराळाच आजार आहे.

स्किझोफ्रेनियात नसलेले आवाज ऐकू येतात, निराधार संशय ठाम होतो, बोलणं विस्कटतं, उमेद आटते. औषधांनी, आधाराने अनेकजण सावरतात. म्हणून कुणाच्या दुटप्पीपणाला ‘स्किझोफ्रेनिक’ म्हटलेलं मला खटकतं. रुग्णाच्या घरच्यांना ते फार लागतं.

जपानमध्ये या आजाराचं नाव ‘मन दुभंगण्याचा रोग’ अशाच अर्थाचं होतं. तिथल्या मनोविकारतज्ज्ञांनी २००२ मध्ये ते अधिकृतपणे बदललं.