सोन्याचे कण आणि प्रकाशाचे वळण

मायकेल फॅरडे यांनी १८४५ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शिसेमिश्रित जड काचेतून ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा, प्रकाश सोडला, तेव्हा विद्युतचुंबक सुरू होताच त्या प्रकाशाच्या कंपनांचे प्रतल किंचित फिरल्याचे त्यांना आढळले. पुढे १८५७ मध्ये त्यांनीच सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगते ठेवून माणकासारखा लाल द्रव तयार केला. एकाच माणसाच्या हातून झालेले हे दोन प्रयोग दीडशे वर्षांनी एका पातळ पटलात एकत्र आले, याचे मला फार अप्रूप वाटते.

चुंबकामुळे प्रतल फिरण्याच्या या फॅरडे परिणामात ते किती फिरते, हे पदार्थाच्या जाडीवर अवलंबून असते आणि अडचण तिथेच आहे. प्रकाशीय दूरसंचारात परावर्तित प्रकाश लेसरमध्ये पुन्हा शिरू नये म्हणून जी एकदिशा झडप वापरतात, तिच्यात प्रकाश ४५ अंशांनी फिरवावा लागतो. परतताना ते वळण उलगडत नाही, उलट त्याच दिशेने आणखी ४५ अंशांची भर पडते आणि एकाच प्रतलातला प्रकाश जाऊ देणाऱ्या ध्रुवकापाशी तो अडतो. यासाठी चुंबकीय गार्नेट, म्हणजे तामडा या रत्नाच्याच घडणीचा कृत्रिम स्फटिक, साधारण मिलिमीटरच्या घरातल्या जाडीचा लागतो. त्याचेच शंभर नॅनोमीटरचे पटल केले, तर वळण जेमतेम अंशाच्या काही भागाइतके उरते.

जपानमधील तोयोहाशी येथील संशोधकांनी बिस्मथयुक्त गार्नेटच्या पटलात सोन्याचे नॅनोकण बसवून पाहिले. असे कण घडवण्याची एक रीत मोठी देखणी आहे: काही नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर तापवला की तो वितळण्याआधीच आक्रसतो आणि अळवाच्या पानावर पाणी जमावे तसे त्याचे सुटे थेंब होतात. त्यांच्यावर गार्नेटचा थर चढवतात.

सोने स्वतः चुंबकीय नाही. येथे वळण देण्याचे काम मुख्यतः गार्नेटच करते. मात्र ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशाने कणातले इलेक्ट्रॉन एका लयीत झुलू लागतात, यालाच प्लाझ्मॉन संस्पंदन म्हणतात, आणि कणालगतच्या काही नॅनोमीटरच्या पट्ट्यात प्रकाशाचे विद्युतक्षेत्र कित्येक पटींनी तीव्र होते. त्या पट्ट्यातल्या गार्नेटशी प्रकाशाची आंतरक्रिया वाढते, म्हणून त्या तरंगलांबीभोवती वळणाच्या आलेखात ठळक शिखर दिसते. कणापासून दूर असलेल्या गार्नेटला याचा लाभ जवळपास होत नाही.

पण त्याच तरंगलांबीला सोने प्रकाश शोषूनही घेते. म्हणून केवळ वळण किती पट वाढले हे सांगणे मला अपुरे वाटते. पलीकडे प्रकाश किती पोहोचला, हा आकडाही त्याच्या शेजारी हवा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कणांऐवजी सोन्याच्या समांतर नॅनोतारा गार्नेटवर बसवल्या होत्या. त्यात वळण जवळपास नऊपट, म्हणजे ०.८ अंश झाले आणि सुमारे ३६ टक्के प्रकाश पार गेला.