लस, झडती आणि दाखला : प्लेगपासून कोविडपर्यंत

प्लेगच्या साथीची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा पुण्याच्या गणेशखिंडीच्या रस्त्यावर संपते. २२ जून १८९७ ची रात्र, प्लेग अधिकारी रँड, त्याच्यावर गोळी झाडणारे चापेकर बंधू. कोविडकाळात लोक सरकारी नियमांवर का चिडतात, लशीला का बिचकतात याची चर्चा निघाली की दाखला म्हणून हीच रात्र पुढे केली जायची. दाखला चुकीचा नाही, अपुरा आहे. त्यात मुंबई जवळजवळ येत नाही आणि लस तर येतच नाही. लस मात्र तेव्हा होती, मुंबईतच बनत होती, आणि तिच्याबद्दल लोकांना काय वाटायचं हे आधी कोण दारात येऊन गेलंय यावर ठरत होतं. २०२१ मध्येही फार वेगळं घडलं नाही.

सुरुवात मुंबईतल्या मांडवीची. धान्याच्या वखारी, दाट चाळी आणि गटारं असलेल्या या भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिज्वराचे, म्हणजे गाठीच्या प्लेगचे रुग्ण ओळखले. हे मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. महापालिकेने ६ ऑक्टोबरला नोटीस काढली : संशयित रुग्णाला घरातून उचलून रुग्णालयात न्यायचं, घर धुऊन काढायचं, गरज वाटली तर सामान जाळायचं. त्या काळी रुग्णालय ही जागा घरचं कुणी नसलेल्यांची, मरायला टेकलेल्यांची. तिथे नेलेला माणूस परत येत नाही हा समज अफवा म्हणून झटकून टाकता येणार नाही, कारण प्लेगचे बहुसंख्य रुग्ण खरोखरच परत येत नव्हते.

त्यावर मग कहाण्या रचल्या गेल्या. रुग्णांना उलटं टांगून त्यांच्यापासून मोमियाई नावाचं औषधी मलम काढतात, असं बोललं जाई. त्याच ऑक्टोबरात मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं होतं (ते काम आपण केल्याचं दामोदर चापेकरांनी पुढे लिहून ठेवलं). तेव्हा अपमानाचा सूड म्हणून राणीने माणसांची काळजं मागवली आहेत, अशीही वदंता उठली. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच. २०२० च्या मार्चमध्ये मुंबईतले पहिले कोविड रुग्ण याच ठिकाणी ठेवले गेले.

हल्ल्यापेक्षा सरकारला दुसरी भीती मोठी होती. शहर साफ ठेवणारे हलालखोर निघून गेले तर काय? दहशतीने गाव सोडणाऱ्यांची रीघ लागलीच होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळपास निम्मी मुंबई रिकामी झाली. सफाई कामगार गेले असते तर उरलेल्या निम्म्या शहराचं काही खरं नव्हतं. ऑक्टोबर संपता संपता नोटीस सौम्य करण्यात आली. सामान्य माणसाने पाय काढता घेतला आणि सरकारला नियम मागे घ्यावा लागला, अशी ही बहुधा पहिली नोंद. पुढची अनेक वर्षं हेच घडत राहिलं.

पण आधी दिल्या-घेतल्याचा नव्हे, बडग्याचा काळ आला. युरोपातली बंदरं हिंदुस्थानी मालाला दारं बंद करू लागली तसा कलकत्त्याहून कायदा आला. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा अवघ्या चार कलमांचा आहे. सरकारला वाटतील ते तात्पुरते नियम करता येतात, आगगाडीतला प्रवासी तपासता येतो, नियम मोडणाऱ्यावर दंडसंहितेच्या कलम १८८ खाली कारवाई होते आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येत नाही. लोकांना काय हक्क, याबद्दल एक अक्षर नाही.

पुण्यात त्याचा अर्थ झाला वॉल्टर रँड. मार्चच्या मध्यापासून मेपर्यंत गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घराघरांत शिरत होत्या. देवघरात, माजघरात बुटांनिशी जाणं, बायकांची काख-जांघ तपासणं, अंथरूण-पांघरूण रस्त्यावर काढून पेटवणं, या तक्रारींचा पाऊस पडला. टिळकांची भूमिका आज वाटते त्यापेक्षा गुंतागुंतीची होती. झडतीच नको असं ते म्हणत नव्हते. पुणं सोडून पळालेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी कोरडे ओढले, हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभं केलं आणि स्वतः शहरात राहिले. आक्षेप होता तो गोऱ्या सोजिरांकडून झडती घेण्याला. गोखल्यांनी विलायतेत शिपायांच्या अत्याचारांचे आरोप मांडले, पण पुरावा द्यायला कुणी पुढे येईना आणि मायदेशी परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. आणि याच मार्चमध्ये, १० तारखेला, रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर दवाखाना चालवला होता. तिथे माणसं विश्वासाने येत. एकाच शहरात, एकाच महिन्यात, एक रुग्णालय लोकांना कोंडवाडा वाटत होतं आणि दुसरं वाटत नव्हतं. हा फरक इतिहासाच्या पुस्तकांनी जितका लावून धरायला हवा तितका धरलेला नाही.

रँडच्या मृत्यूनंतरही पुण्यात प्लेग पुन्हा आला. भिंती धुऊन, कपडे जाळून तो थांबणार नव्हताच. उंदरावरच्या पिसवा तो पसरवतात हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत मांडलं आणि तेही मान्य व्हायला पुढची काही वर्षं गेली. घर सोडून रानात झोपड्या टाकून राहणारे लोक नकळत बरोबर वागत होते. पुढे सरकारनेही गाव रिकामं करण्याचाच मार्ग धरला.

आता लशीकडे. वाल्देमार हाफकिन हे ओडेसाचे ज्यू जीवाणुशास्त्रज्ञ, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले. कॉलऱ्याची लस घेऊन ते आधीच हिंदुस्थानात येऊन गेले होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या जागेत कामाला लागले. मांसरसावर तुपाचे थेंब टाकून त्याखाली जंतू वाढवायचे, मग उष्णतेने मारायचे, अशी त्यांची रीत. रसासाठी गाय आणि डुक्कर टाळून बोकडाचं मांस वापरण्याची काळजीही त्यांनी घेतली; लोकांचा पहिला प्रश्न काय असेल हे त्यांना समजलं होतं. १० जानेवारी १८९७ ला पहिली मात्रा त्यांनी स्वतःला टोचून घेतली, महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातल्या, टोचून घ्यायला राजी झालेल्या कैद्यांना.

लोकांपर्यंत ही लस गेली ती मात्र जमातीच्या वाटेने. खोजांचे धर्मगुरू आगा खान तिसरे यांनी आपल्या माणसांसमोर स्वतः टोचून घेतलं आणि खोजा समाज पुढे आला. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला बंगलाही दिला. १८९८ मध्ये बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावी एकेका कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचून उरलेल्यांशी तुलना करण्यात आली आणि फरक उघड दिसला.

दुसरी वाट जास्त व्यवहारी होती, आणि मला वाटतं तीच आपल्या आजच्या विषयाचं मूळ आहे. ज्याने टोचून घेतलं त्याला दाखला मिळे आणि दाखला दाखवला की विलगीकरणाच्या छावणीतून, प्रवासातल्या अडवणुकीतून सूट मिळे. ताप दोन दिवस येईल, मजुरी बुडेल, पण कल्याणच्या स्थानकावर उतरवून ठेवणार नाहीत. हुबळी-धारवाडकडे १८९८ मध्ये हजारोंनी टोचून घेतलं त्यात प्लेगच्या भीतीइतकीच नियमांपासून सुटकेची ओढ होती. जुलमातून सुटण्याचं तिकीट म्हणून घेतलेल्या लशीवर माणसाचा विश्वास बसतोच असं नाही. तो फक्त हिशेब करतो.

सक्ती तोवर पुरती फसली होती. ९ मार्च १८९८ ला मुंबईच्या रिपन रोडवर एका बारा वर्षांच्या मुलीला तपासायला आलेल्या पथकाला जुलाहा विणकरांनी अडवलं आणि दंगल पेटली. त्यानंतर जाती-जमातींच्या खासगी रुग्णालयांना मुभा, घरच्या वैद्य-हकिमांना वाव, प्रेतांच्या तपासणीत सवलत असं एकेक सोडत सरकार मागे आलं. प्लेग आयोगानेही लशीची बाजू घेतली, पण ती ऐच्छिक ठेवावी असंच म्हटलं.

मग मुल्कोवाल. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं एक खेडं. १०७ जणांना लस टोचली. त्यांतल्या १९ जणांच्या वाट्याला एकाच बाटलीतली मात्रा आली होती. ते सगळे धनुर्वाताने मेले. खापर हाफकिनवर फुटलं, त्यांचं पद गेलं. प्रत्यक्षात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीर पत्र लिहून बाजू मांडल्यावर हाफकिन निर्दोष ठरले. पण पंजाबातली मोठी लसमोहीम ढासळली ती ढासळलीच. तिथल्या अफवा नोंदलेल्या आहेत : सुई हातभर लांब असते, टोचलेला सहा महिन्यांत मरतो, पुरुषाचं पुरुषत्व जातं, बाई वांझ होते, खुद्द डेप्युटी कमिशनरसाहेब टोचून घेऊन अर्ध्या तासात गेले. २०२१ साली व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या मजकुरात यातलं काय नवं होतं, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.

वांझपणाची भीती मध्यंतरी नव्याने पोसली गेली. आणीबाणीत, १९७६ मध्ये, सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. पण आरोग्य खात्याची गाडी गावात आली की काय होऊ शकतं, हे एका पिढीने पाहिलं होतं. त्या पिढीतले लोक २०२१ मध्ये साठी-सत्तरीचे, म्हणजे नेमके आधीच्या टप्प्यांतले लाभार्थी होते.

मार्च २०२० मध्ये राज्याने तोच १८९७ चा कायदा काढला आणि १४ मार्चला त्याखाली कोविडचे नियम जारी केले. घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या हातावर शाईचे शिक्के मारले गेले, कलम १८८ चे गुन्हे ढिगाने दाखल झाले. त्या वर्षीचा मोठा राग देवळांवरून झाला. मॉल, दारूची दुकानं उघडतात आणि विठोबा कुलपात का, हा प्रश्न घेऊन ऑगस्टमध्ये घंटानाद झाला, ३१ तारखेला पंढरपुरात मोठं आंदोलन झालं. मंदिरं उघडली ती दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला.

लसीकरण सुरू झालं १६ जानेवारी २०२१ ला. पहिले कचरले ते आरोग्य कर्मचारीच. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष यायचे होते आणि ती घेण्याआधी संमतिपत्रावर सही करावी लागे. मुंबईत ही लस जे. जे. रुग्णालयात मिळत होती आणि तिथे सुरुवातीला अगदी मोजके लोक आले. ग्रँट मेडिकल कॉलेजचं रुग्णालय ते हेच, हा योगायोग म्हणून सोडून देऊ. या डॉक्टर-परिचारिकांना अडाणी कोण म्हणणार? त्यांचा प्रश्न साधा होता : आकडे कुठे आहेत?

दोन-अडीच महिन्यांत चित्र उलटं झालं. दुसरी लाट आली, माणसं पहाटेपासून रांगेत उभी राहू लागली आणि लस संपली. एप्रिलमध्ये पुणे जिल्ह्यात शंभरहून अधिक केंद्रं साठ्याअभावी बंद पडली, तेही कोविशील्ड बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट जिथे आहे त्या पुण्यात. १ मेपासून अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली आणि १२ मेला महाराष्ट्राने १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवलं. नोंदणीच्या कोविन या सरकारी संकेतस्थळावर स्लॉट पकडणं हे शहरी तरुणाचं काम झालं. तो मोटार काढून खेड्यातल्या केंद्रावर जायचा आणि ज्याच्या दारात केंद्र होतं तो शेतकरी बाहेर उभा राहायचा. ३० मेला कांदिवलीतल्या एका सोसायटीत तर बनावट शिबिर भरलं. पैसे देऊन लोकांनी भलतंच काही टोचून घेतलं. राज्यातल्या लोकांच्या त्या उन्हाळ्यातल्या संतापाला ‘लसविरोध’ म्हणणं निव्वळ आळशीपणा आहे.

नकार होता, पण वेगळ्या ठिकाणी. मेळघाटात, नंदुरबारमध्ये आदिवासी पाड्यांवर लस घेतली की माणूस मरतो असं बोललं जात होतं. मेळघाटात मग कोरकू बोलीत माहिती द्यायला सुरुवात झाली आणि गावातल्याच लोकांना पुढे करण्यात आलं. नाशिकला लशीनंतर अंगाला चमचे चिकटत असल्याचा एका गृहस्थांचा दावा जूनमध्ये गाजला. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी घाम पुसून, पावडर लावून तो प्रकार उलगडून दाखवला.

आणि मग दाखला परत आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच प्रवेश मिळू लागला. हिशेब करून बघा : तरुणांसाठी सरकारी केंद्रं पुन्हा खुली झाली जूनच्या उत्तरार्धात, कोविशील्डच्या दोन मात्रांत अंतर ८४ दिवसांचं, वर चौदा दिवस. म्हणजे फुकटच्या लशीवर विसंबलेला विरार-कल्याणचा तरुण सप्टेंबर सरेपर्यंत गाडीत पाऊलच ठेवू शकत नव्हता, आणि यात त्याचा काडीचा दोष नव्हता. खासगी रुग्णालयात पैसे मोजलेला सहकारी मात्र आधी सुटला. नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लस न घेणाऱ्यांना रेशन, गॅस आणि पेट्रोल न देण्याचा आदेश निघाला. आकडा वाढला, हे खरं. तो विश्वासाचा आकडा होता की शिधापत्रिकेचा, हे कुणी मोजलं नाही.

लोकलच्या बंदीचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. २०२२ च्या सुरुवातीला न्यायालयाने आदेशांच्या वैधतेवरच बोट ठेवल्यावर राज्याने जुने आदेश मागे घेतले, पण १ मार्चच्या नव्या आदेशातही अट तीच राहिली. ती गेली गुढीपाडव्याच्या तोंडावर, सगळ्या निर्बंधांबरोबर. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही असं सांगितलं. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतील, पण ते प्रमाणात हवेत. त्याच निकालात केंद्राचं लसधोरण अवाजवी ठरवायलाही न्यायालयाने नकार दिला.

राहिला तो कायदा. एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात हा कायदा अपुरा असल्याचं सांगून सर्वंकष दुरुस्ती किंवा नवा कायदा सुचवला. त्यानंतर जुलैत दंडसंहिता जाऊन न्यायसंहिता आली, कलम १८८ च्या जागी २२३ आलं.