डाय लावला की डोकं का पेटतं, मागची हिस्ट्री

लग्नसराई आली की सोलापुरात कुठल्याही कटिंगच्या दुकानात ऐकू येतं, डाय नको ओ, डोकं खाजतं, काळी मेहंदी लावा, नॅचरल असते. खरी गोम इथंच आहे. मेहंदीच्या पानाचा रंग तांबडाच येतो, अर्ध्या तासात केस काळेभोर करणाऱ्या पाकिटात बहुतेक वेळा पीपीडी असतंच, म्हणजे पॅराफेनिलीनडायमिन.

हे केमिकल लई जुनं. 1856 ला लंडनमध्ये पर्किन नावाच्या केमिस्ट्री शिकणाऱ्या पोराला दगडी कोळशाच्या डांबरातल्या केमिकलपासून जांभळा रंग गवसला, त्याचे गुरू हॉफमन यांनी 1863 मध्ये पीपीडीचा रंग ऑक्सिडायझरने, म्हणजे ऑक्सिजन देणाऱ्या केमिकलने, तपकिरी होतो हे बघितलं, 1883 ला फ्रान्समध्ये केस रंगवायला त्याचं पेटंट निघालं आणि 1907 ला पॅरिसात युजीन श्युलर डाय बनवून सलूनवाल्यांना विकायला लागला, त्याचीच कंपनी पुढे लॉरिआल झाली. आपल्या चादरीच्या सुताला लागणारे पक्के केमिकल रंगसुद्धा मुळात याच डांबराच्या खानदानातले.

पीपीडीचा रेणू बारका, केसात शिरतो आणि डायमध्ये मिसळायचं पेरॉक्साइड (तेही ऑक्सिडायझरच) मिळालं की आत जुळून मोठा, काळा होतो. जो जुळायचा राहतो तो कातडीत उतरतो, आणि एकदा शरीराने त्याला दुश्मन ठरवलं की पुढच्या वेळी कान, कपाळ, पापण्या सुजतात. म्हणून "दहा वर्षं लावतोय, काय झालं नाही" याला काही अर्थ नाही. अमोनिया-फ्री लिहिलेलं बघून पण फसू नका, अमोनिया चुरचुरतो, अ‍ॅलर्जी करणारं पीपीडी त्यात असू शकतं.

धोका सरकारांनाही माहीत होता. अमेरिकेच्या 1938 च्या कायद्याने डांबराच्या हेअर डायला घातक कॉस्मेटिकवरच्या बंदीतून सूट दिली, अट एवढीच की पाकिटावर इशारा आणि आधी टेस्ट करायची सूचना छापायची. आपल्याकडच्या नियमातही तोच इशारा इंग्रजी आणि स्थानिक भाषेत छापायला सांगितलंय, अक्षर मात्र मुंगीएवढं, वाचतंय कोण.

कोंड्याचा डर्माटायटिस, म्हणजे कोंड्याने कातडी लाल होऊन खाजणं, ही वेगळी भानगड, त्यात मलासेझिया नावाच्या यीस्टचा, म्हणजे बुरशीचा, हात असतो. पण खाजवून सोललेल्या डोक्यावर कुठलाही डाय झोंबणारच, म्हणून आधी ते शांत करायचं मग रंग. आणि नक्की अ‍ॅलर्जीच आहे का ते स्किनच्या डॉक्टरकडे पाठीवर त्या केमिकलची पट्टी लावून कळतं, 48 तासांनी काढून बघतात आणि एक-दोन दिवसांनी परत.