इंडिकेटर बदलल्यानंतर

संध्याकाळी दादरच्या पुलावर पश्चिम रेल्वेचे इंडिकेटर कसे वाचावे, हे मुंबईकराला शिकवावे लागत नाही. विरार जलद, बोरिवली धीमी, अंधेरी धीमी आणि शेजारी मिनिटे, एवढे एका नजरेत टिपून आपण गर्दीबरोबर जिना उतरू लागतो. तेवढ्यात मागून कोणीतरी विचारते, "काका, विरारला किती मिनिटं होती?" इंडिकेटर केव्हाच नजरेआड झालेले असते, तरीही आपण मनातल्या मनात त्या एका ओळीकडे वळून पाहतो आणि उत्तर देतो. त्यानंतर लगेच बोरिवलीचे विचारले, तर मात्र बहुधा अडखळायला होते.

माहिती काही सेकंद हाताशी धरून तिच्यावर काम करणाऱ्या या व्यवस्थेला मानसशास्त्रात 'वर्किंग मेमरी', म्हणजे कार्यकारी स्मृती, म्हणतात. तिच्यातील जागा तुटपुंजी असते. एका वेळी किती गोष्टी मावतात, याचा जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये सातच्या आसपासचा आकडा मांडला. नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये असा युक्तिवाद केला, की घोकायला आणि गट पाडायला वाव दिला नाही तर तो चारच्या जवळपास येतो. सात की चार, या वादापेक्षा त्या मोजक्या जागांवर कोणाला बसू द्यायचे हे कसे ठरते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

एडवर्ड व्होगेल आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये याच प्रश्नाला हात घातला. पडद्यावरील लाल पट्ट्या लक्षात ठेवायच्या आणि निळ्या सोडून द्यायच्या, असे त्यांनी सांगितले आणि त्या वेळी मेंदूतील विद्युत हालचाल मोजली. ज्यांची स्मृती तोकडी समजली जात होती, ती माणसे नको असलेल्या निळ्या पट्ट्याही साठवत असल्याचे आढळले. म्हणजे त्यांची अडचण जागेच्या टंचाईपेक्षा दाराशी होणाऱ्या निवडीची होती. (आपल्याकडे स्मरणाच्या अशा कसरतींना 'अवधान' म्हणतात, हे या संदर्भात लक्षणीय आहे. जैन तत्त्वचिंतक श्रीमद राजचंद्र यांनी 1887 मध्ये मुंबईत केलेल्या शतावधानाच्या, म्हणजे एकाच वेळी शंभर गोष्टी ध्यानात ठेवण्याच्या, प्रयोगाच्या नावातही स्मरणाचा नव्हे, तर लक्षाचाच उल्लेख आहे.)

मात्र लक्षाचे काम दाराशी संपत नाही. जॉर्ज स्पर्लिंग यांनी 1960 मध्ये अक्षरांच्या ओळी क्षणभर दाखवून, त्या नाहीशा झाल्यावर एका विशिष्ट स्वराने कोणती ओळ सांगायची ते सुचवले. तेव्हा लोकांना त्या ओळीतील बहुतेक अक्षरे सांगता आली. पण दृश्याचा हा ठसा सेकंदभरातच विरून जातो. 2003 मध्ये आयव्हन ग्रिफिन आणि किया नोब्रे यांनी, तसेच स्वतंत्रपणे रॉजियर लँडमन आणि सहकाऱ्यांनी, खूण याहून उशिरा, ठसा पुसला गेल्यानंतर दिली. पडद्यावर काहीही उरलेले नसताना 'तुम्हाला या जागेबद्दल विचारले जाईल' असे सुचवल्यावर तिथली वस्तू अधिक अचूकपणे आठवली. नव्याने पाहायला काहीच नव्हते. आत साठवलेल्यांपैकी एकीवर लक्ष वळले, एवढेच घडले. ती वस्तू पुढच्या दृश्याच्या गोंधळापासून सुरक्षित राहते, असे एक स्पष्टीकरण आहे. खूण चुकीची निघाली आणि दुसऱ्याच वस्तूबद्दल विचारले गेले, तर मात्र कामगिरी घसरते. जिन्यावर बोरिवलीचे जे झाले, ते बहुधा असेच काहीतरी असावे.

मग बाजूला पडलेली ती वस्तू गेली कुठे? नेथन रोज आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दोन गोष्टी लक्षात ठेवायला सांगून आधी कोणत्या गोष्टीबद्दल विचारले जाईल ते सुचवले. दुसऱ्या गोष्टीची मेंदूतील खूण इतकी मंदावली, की ती पुसली गेली असेच वाटावे. मात्र डोक्याजवळून चुंबकीय स्पंद देताच ती क्षणभर पुन्हा उमटली. हे फक्त ती गोष्ट नंतर विचारली जाण्याची शक्यता होती तोवरच घडले; आता तिची गरज नाही असे कळल्यानंतर तोच स्पंद देऊनही काही उमटले नाही.