ऑनलाइन भाषाशिक्षण आणि विद्यार्थ्यांचे समाधान

विद्यापीठात परकीय भाषा शिकणाऱ्यांना ऑनलाइन शिक्षण कितपत पसंत पडते, हा शिक्षणशास्त्रातील एक अभ्यासविषय. समाधान मोजायचे ते बहुधा प्रश्नावलीने, ‘पूर्णतः असहमत’ ते ‘पूर्णतः सहमत’ अशा लायकर्ट श्रेणीवर.

२०२० च्या टाळेबंदीत या विषयावरील लेखनाला पूर आला. घाईघाईने उभ्या केलेल्या त्या वर्गांना शिक्षणतज्ज्ञ चार्ल्स हॉजेस व सहकाऱ्यांनी मार्च २०२० मध्येच ‘आपत्कालीन दूरस्थ अध्यापन’ असे वेगळे नाव दिले होते. तरीही तेव्हाची नाराजी सरसकट ऑनलाइन शिक्षणाच्या नावावर जमा झाली. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९९० च्या दशकापासून दूरस्थ पद्धतीने भाषा शिकवते, याचा तेव्हा अनेकांना विसर पडला.

इतर विषयांपेक्षा भाषेची अडचण वेगळी आहे. इतिहासाचे व्याख्यान नुसते ऐकले तरी चालते. भाषेच्या तासाला बोलावे लागते. व्हिडिओ कॉलवर एका वेळी एकाचाच आवाज धड पोचतो. त्यामुळे सगळ्यांनी मिळून उच्चार घोकणे जमत नाही, आणि आवाज क्षणभर उशिरा आला की दोघे एकदम बोलतात, मग दोघेही गप्प होतात. उलट शिक्षकाच्या ओठांची हालचाल शेवटच्या बाकापेक्षा पडद्यावर जवळून दिसते. मास्क लावून भरलेल्या वर्गांत तर तीही सोय नव्हती.

परकीय भाषेत बोलण्याची धास्ती मोजण्यासाठी हॉर्विट्झ, हॉर्विट्झ आणि कोप यांनी १९८६ मध्ये ३३ विधानांची मापनश्रेणी तयार केली. कॅमेरा बंद ठेवला की ही धास्ती कमी होऊ शकते, पण बोलणेही कमी होते. अशा विद्यार्थ्याचे समाधान कशाबद्दलचे, हे विचारायला हवे. दूरस्थ शिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांच्या मते दूरस्थ शिक्षणातले खरे अंतर मैलांत नसते. संवाद, अभ्यासक्रमाची बांधणी आणि विद्यार्थ्याची स्वायत्तता यांवर ते ठरते.

समाधान म्हणजे शिकणे नव्हे. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या वर्गांवरील, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वतः खटपट करून शिकलेल्यांनी नुसते व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा चाचणीत अधिक गुण मिळवले, तरी आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. हा प्रयोग प्रत्यक्ष वर्गातला होता. पण अडखळत बोलायला लावणारा भाषेचा तासही असाच नावडता ठरू शकतो. शिवाय सत्राअखेरीची प्रश्नावली टिकून राहिलेलेच भरतात. मध्येच वर्ग सोडलेल्यांचे मत त्यात येत नाही.