आधी बाग, मग ऑलिंपिक

२०१२ च्या उन्हाळ्यात टीव्हीवर लंडनचं ऑलिंपिक पाहिलेल्यांना मुख्य स्टेडियमभोवतीचा सोनेरी-पिवळ्या रानफुलांचा पट्टा आठवत असेल. पाहणाऱ्याला ती पंधरा दिवसांची सजावट वाटावी. पण त्या परिसरात बहुतेक ठिकाणी गवत-फुलांखाली किमान ६० सेंटीमीटर स्वच्छ माती आहे, मातीखाली नारिंगी रंगाची जाळी अंथरलेली आहे आणि जाळीच्या खाली दीडशे वर्षांच्या कारखानदारीचा उकिरडा आहे. जाळी मुद्दाम भडक रंगाची आहे. पुढे कधी कोणी कुदळ मारली आणि नारिंगी धागे वर आले, की थांबायचं, एवढाच तिचा अर्थ.

ही जागा पूर्व लंडनच्या स्ट्रॅटफर्डजवळ, ली नदीच्या खालच्या खोऱ्यात आहे. एकोणिसाव्या शतकात घाण वास मारणारे आणि धोकादायक उद्योग शहराने नदीपलीकडे ढकलले. रंग, रसायनं, हाडांचा सरस, तेल, रेल्वेची वर्कशॉप, सगळं तिथे गेलं. नंतर दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या घरांचा राडारोडाही इथेच येऊन पडला. ६ जुलै २००५ रोजी लंडनला यजमानपद मिळालं तेव्हा जमिनीत तेल, डांबर, शिसं, आर्सेनिक आणि सायनाइड होतं, आणि डोक्यावर उच्चदाबाच्या तारांचे ५२ मनोरे होते. त्या तारा प्रत्येकी सुमारे ६ किलोमीटर लांबीच्या दोन बोगद्यांत उतरवल्यावरच वर काही बांधता आलं.

जागा मोकळी मात्र नव्हती. दोनशेहून जास्त इमारती पाडल्या गेल्या. क्लेज लेन या सहकारी वसाहतीतल्या चारशेहून अधिक भाडेकरूंना २००७ मध्ये घरं सोडावी लागली, आणि शंभरेक वर्षांपासून लोक भाजीपाला पिकवत होते ते मॅनर गार्डनचे वाफेही गेले. ‘ओसाड जागेचं नंदनवन’ अशी या प्रकल्पाची जाहिरात होते, तेव्हा हे वगळलं जातं.

मातीचं काय करायचं, हा पहिला प्रश्न. सोपा मार्ग म्हणजे सगळी माती ट्रकात भरून दूर कुठेतरी टाकायची आणि नवी आणायची. पण तेवढ्या ट्रकांचा खर्च, धूर आणि रहदारी कोणालाच परवडणारी नव्हती. म्हणून सुमारे २० लाख टन माती जागेवरच साफ केली गेली आणि तिच्यातली ८० टक्क्यांहून जास्त तिथेच पुन्हा वापरली. त्यासाठी दोन ‘मातीची इस्पितळं’ उभी राहिली आणि माती धुणारी पाच यंत्रं बसली.

माती धुतात म्हणजे काय होतं? विषारी द्रव्यं खडी-वाळूला फारशी धरून राहत नाहीत. ती गाळाच्या आणि चिकणमातीच्या बारीक कणांना चिकटतात. तेवढ्याच वजनात बारीक कणांचा एकूण पृष्ठभाग कितीतरी पटींनी मोठा असतो, हे त्याचं कारण. म्हणून खोदलेली माती आधी चाळतात, विटा, लोखंड आणि काँक्रीट बाजूला काढतात. उरलेली पाण्याच्या झोतात घुसळतात, म्हणजे कण एकमेकांवर घासून मोकळे होतात. मग पाणी गरगर फिरवणाऱ्या शंकूच्या आकाराच्या भांड्यात जड वाळू खाली बसते आणि गाळ पाण्याबरोबर वरून निघून जातो. गाळ निवळून, दाबून त्याच्या वड्या करतात आणि त्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पुरायला पाठवतात. म्हणजे धुण्याने विष नाहीसं होत नाही. ते थोड्या मातीत गोळा होतं, इतकंच. मातीत बारीक कण साधारण एक तृतीयांशाच्या वर गेले, की हे गणित बिघडतं, कारण पुरायलाच इतका गाळ उरतो की धुण्याचा खर्च निघत नाही. अशा मातीला दुसरे उपाय करावे लागतात. तेलकट मातीचे ढीग लावून त्यांत हवा खेळवली, की जिवाणू तेल खातात. जड धातूंसाठी सिमेंट मिसळून माती बांधून टाकतात, म्हणजे धातू पाण्याबरोबर झिरपत नाहीत.

मातीबरोबर आणखी एक संकट होतं ते वनस्पतींचं. जपानी नॉटवीड नावाच्या झुडपाने सुमारे ४ हेक्टर जागा व्यापली होती. त्याच्या जमिनीखालच्या खोडाचा नखाएवढा तुकडा राहिला तरी नवं झुडूप उगवतं. त्यामुळे त्याची माती उचलून शेजारी टाकणं म्हणजे लागवडच करणं. तणनाशक फवारायचं तर तीन-चार हंगाम लागतात, आणि ऑलिंपिकची तारीख काही पुढे जात नाही. मग माती खोदून चाळणं, खोडं जाळणं किंवा खोल पुरणं एवढेच मार्ग उरतात. ब्रिटनमधल्या नियमाप्रमाणे नुसतं पुरायचं तर वर किमान ५ मीटर माती हवी. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून पुरलं तर २ मीटर पुरते.

दुसरी उपद्रवी वनस्पती आपल्या ओळखीची निघाली: हिमालयातला तेरडा. आपल्या पावसाळी तेरड्याचा हा उंच भाऊ एकोणिसाव्या शतकात बागेची शोभा म्हणून इंग्लंडला नेला गेला आणि नदीकाठांवर मोकाट सुटला. त्याची बोंडंही आपल्या तेरड्यासारखीच टचकन फुटून बिया उडवतात आणि प्रवाह त्या पुढे नेतो. हिवाळ्यात झाड मरतं, मुळं उथळ असल्याने काठ उघडा पडतो आणि माती वाहून जाते. तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणतो. ली नदीच्या काठी त्याने अनेक दशकं मुक्काम ठोकला होता. त्यावर उपाय सोपा, पण चिकाटीचा आहे: बोंडं धरण्याआधी उपटायचं, आणि मातीतल्या जुन्या बिया उगवून संपेपर्यंत दोन-तीन वर्षं उपटत राहायचं.

नदीचे इथे अनेक फाटे आहेत, मिळून सुमारे ८ किलोमीटरचे. बहुतेकांना उभ्या भिंती होत्या. पाणी खाली, माणूस वर, मध्ये कठडा. उद्यानाच्या उत्तर भागात हे काठ मागे खोदून उतरते केले गेले आणि मधोमध पाणथळ जागा तयार झाली. त्या उताराचा उपयोग दुहेरी आहे. एरवी लोक पाण्यापर्यंत जाऊ शकतात. पूर आला की तीच जागा पाण्याने भरते आणि खालच्या अंगाच्या हजारो घरांवरचा ताण कमी होतो. बागेने बुडणं हेच इथे तिचं काम आहे. त्यामुळे बाकं, दिवे आणि रस्ते कुठे ठेवायचे, तेही पुराच्या रेषेवरून ठरलं.

काठावर सुमारे ३ लाख पाणवनस्पती लावल्या गेल्या: नळ, लव्हाळे, पिवळी आयरिस आणि त्यांचे सोबती. बिया टाकल्या असत्या तर पहिल्याच पावसात वाहून गेल्या असत्या. म्हणून काथ्याच्या चटयांवर रोपं रोपवाटिकेत आधीच वाढवली, मुळं चटईत गुंतली की चटया गुंडाळून आणल्या आणि काठावर खुंट्या ठोकून बसवल्या. काथ्या दोन-चार वर्षांत कुजतो, तोवर मुळांनी माती धरलेली असते. यात फसायच्या जागा दोन. एक म्हणजे पाण्याची पातळी. चटई वीतभर खाली बसली तर रोप गुदमरतं, वीतभर वर बसली तर सुकतं. भरती-ओहोटीने पातळी सतत हलत राहिली तर योग्य जागाच उरत नाही. २००९ मध्ये थ्री मिल्सजवळ जलद्वार बसलं आणि वरच्या फाट्यांतलं पाणी स्थिर ठेवता आलं. दुसरी जागा म्हणजे बदकं आणि हंस. कोवळे कोंब त्यांना मेजवानीसारखे, त्यामुळे पहिल्या हंगामात जाळ्या हव्यातच.

आता त्या सोनेरी फुलांकडे येऊ. शेफील्ड विद्यापीठाचे नायजेल डनेट आणि जेम्स हिचमॉ यांनी ही कुरणं आखली. शेतकऱ्याच्या हिशेबाने इथली गोष्ट उलटी आहे: रानफुलांना सकस माती नको. खत-पाणी भरपूर असलं की दांडगी गवतं माजतात आणि फुलझाडं दबून जातात. म्हणून इथली वरची माती वाळू, साफ केलेली माती आणि हिरव्या कचऱ्याचं कंपोस्ट वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून मुद्दाम तयार केली. झाडांसाठी कसदार, कुरणांसाठी हलकी. स्टेडियमजवळची फुलं एका हंगामाची होती, पेरणीची वेळ साधून जुलैअखेर फुलवलेली. उत्तर भागातली कुरणं बहुवर्षायू आहेत, म्हणजे कायमची. ती टिकवायची तर हंगाम संपल्यावर कापणी करावी लागते, आणि कापलेलं गवत उचलून न्यावं लागतं. बरेच जण इथेच चुकतात. गवत जागेवर कुजू दिलं की माती दरवर्षी सकस होत जाते, आणि चार-पाच वर्षांत फुलांच्या जागी नुसतं गवत उरतं.

एवढं सगळं खेळांच्या आधी झालं होतं, हे या प्रकल्पाचं खरं वैशिष्ट्य. स्पर्धा झाल्यावर मैदानाची बाग करायची, असा क्रम नव्हता. आधी बागेचा कायमचा आराखडा बांधायचा आणि त्यावर खेळांचा तात्पुरता थर चढवायचा, असा होता.

पुलांमध्ये हे सर्वांत स्पष्ट दिसतं. उद्यानात तीसहून जास्त पूल आहेत. स्पर्धेच्या दिवसांत रोज लाखो माणसं ये-जा करणार, म्हणून अवाढव्य रुंदीचे रस्ते आणि पूल हवे होते. नंतर तेवढी रुंदी म्हणजे नुसतं तापणारं डांबर. त्यामुळे अनेक पुलांचा कणा कायमचा आणि अरुंद बांधला आणि शेजारी सुटे होणारे भाग जोडले. स्टेडियमजवळच्या मध्यवर्ती पुलाला दोन कायमच्या पट्ट्या होत्या आणि त्यांच्यामध्ये रंगीत ठिपक्यांचा तात्पुरता मजला. खेळ संपल्यावर मधला मजला निघाला, खालचं पाणी आणि उतार उघडे झाले.

इमारतींचंही तसंच. झाहा हदीद यांनी रचलेल्या जलतरण केंद्रात स्पर्धेवेळी १७,५०० प्रेक्षक बसत. त्यातले १५,००० दोन्ही बाजूंना जोडलेल्या तात्पुरत्या पंखांत. हे शक्य झालं ते छतामुळे. सुमारे १६० मीटर लांबीचं लाटेसारखं पोलादी छत उत्तरेला दोन काँक्रीटच्या स्तंभांवर आणि दक्षिणेला एका भिंतीवर टेकलेलं आहे. बाजूंना खांबच नाहीत. त्यामुळे पंख काढून तिथे काच बसवताना छताला हातही लावावा लागला नाही. मार्च २०१४ मध्ये ते सर्वांना खुलं झालं, आसपासच्या सार्वजनिक तलावांच्याच दरात. बास्केटबॉलच्या १२,००० आसनांच्या सभागृहाला तर कायमचं करायचा विचारच नव्हता. सुमारे १,००० टन पोलादाचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं पांढरं पीव्हीसी कापड. पुढच्याच वर्षी उकललं गेलं. खेळाडूंच्या वसाहतीत स्पर्धेवेळी स्वयंपाकघरंच नव्हती, कारण जेवण एकत्र होतं. नंतर ओटे बसवून तिथे २,८१८ घरं झाली.

आणि मग मुख्य स्टेडियम. इथे अभियांत्रिकी फसली नाही, निर्णय फसला. मूळ रचना सुंदर होती: जमिनीत खोलगट बसवलेली २५,००० कायमची आसनं, त्यावर बोल्टांनी जोडलेली ५५,००० आसनांची हलकी पोलादी गॅलरी. वरचा भाग काढायचा आणि छोटं अॅथलेटिक्स मैदान ठेवायचं, असं ठरलेलं. पण छोट्या मैदानाचा रोजचा खर्च कोण उचलणार, हे ठरलं नव्हतं. शेवटी वेस्ट हॅम फुटबॉल क्लब ९९ वर्षांच्या कराराने आला, आणि काढण्यासाठी बांधलेली गोष्ट कायमची करावी लागली. सर्व आसनांवर येणारं नवं छत चढवायचं, त्यासाठी जुना सांगाडा बळकट करायचा, आणि धावपट्टीही राखायची, म्हणून खालची आसनं पुढे-मागे सरकणारी करायची. या रूपांतराचा खर्च ३२ कोटी ३० लाख पौंडांवर गेला. आसनं हलवायला वर्षाला ३ लाख पौंड लागतील असा अंदाज होता. २०१६ मध्ये तो ८० लाखांवर पोचल्याचं जाहीर झालं. सरकती आसनं ऐकायला छान वाटतात, पण ही नाटकगृहातली खुर्ची नव्हे. हजारो आसनांचे भाग सुटे करून, हलवून पुन्हा जोडायचे म्हणजे क्रेन, मजूर आणि अनेक दिवस, तेही वर्षातून दोनदा.

उद्यानाचा उत्तर भाग २७ जुलै २०१३ रोजी उघडला, दक्षिण भाग ५ एप्रिल २०१४ रोजी. दोन्हींच्या मधल्या काळात डांबर उखडणं, तात्पुरते पूल उतरवणं आणि रस्ते शेजारच्या वस्त्यांना जोडणं चाललं होतं. आज क्वीन एलिझाबेथ ऑलिंपिक पार्क सुमारे २२६ हेक्टरांवर आहे. त्यात ४५ हेक्टर अधिवास वन्यजीवांसाठी राखला आहे. पक्ष्यांसाठी ५२५ घरटीपेट्या आणि वटवाघळांसाठी १५० आहेत. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर आणि अभियंते सेसिल बालमंड यांचा ११४.५ मीटर उंच लाल पोलादी मनोरा दक्षिण टोकाला उभा आहे. त्याला २०१६ मध्ये घसरगुंडी जोडली, कारण नुसता देखावा पाहायला पुरेसे लोक तिकीट काढत नव्हते.

देखभालीचा खर्च कुठून येतो, याचं उत्तरही आधीच करारात लिहून ठेवलं होतं. या हद्दीत घर किंवा कार्यालय असलेल्यांकडून ठरावीक शुल्क घेतलं जातं. त्यातून कुरणांची शरदातली कापणी होते, तेरड्याचे चुकार कोंब उपटले जातात आणि पाणथळीत साचलेला गाळ निघतो. कुठे नवं झाड लावायचं तर खड्डा घेण्याआधी नकाशा पाहावा लागतो. त्या ठिकाणी नारिंगी जाळी किती खोलवर आहे, ते त्यात नोंदवलेलं आहे.