पाणी राखायचं की घालवायचं?

ओट्यावर एकच उपकरण मावेल एवढी जागा असली की माणूस साहजिकच 'सगळं करणारं' काहीतरी शोधायला लागतो. मग चौदा कामं करणारं यंत्र आणि एकवीस कामं करणारं यंत्र यांची तुलना सुरू होते. ही बटणांची यादी मला तरी निरुपयोगी वाटते. एकाच यंत्रावरच्या दहा बटणांमागे बहुतेक वेळा तोच हीटर आणि तेच भांडं असतं; बदलतात ते तापमान आणि वेळ. त्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारावा: हे यंत्र अन्नातलं पाणी राखतं की घालवतं?

पाण्याला एवढं महत्त्व का, ते आकड्यांत पाहू. 1 किलो पाणी 20 अंश सेल्सियसवरून 100 अंशांपर्यंत तापवायला साधारण 335 किलोजूल ऊर्जा लागते. तेच पाणी उकळून त्याची पूर्ण वाफ करायला आणखी 2257 किलोजूल, म्हणजे जवळजवळ पावणेसात पट. त्यामुळे ओव्हन 220 अंशांवर असला तरी बटाट्याचा पृष्ठभाग ओला असेतोवर 100च्या फारसा वर जात नाही. येणारी सगळी उष्णता वाफ करण्यातच खर्ची पडते. खमंग तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास ज्या रासायनिक क्रियांमुळे येतो, त्यांचं वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामी मायार यांनी 1912 साली केलं. अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातल्या या क्रियांना खरा वेग येतो तो 140 अंशांच्या आसपास. म्हणजे कुरकुरीत हवं असेल तर आधी पृष्ठभाग कोरडा झाला पाहिजे.

याच्या अगदी उलट गरज वाळलेल्या कडधान्यांची आणि चिवट मांसाची. कडधान्यांना पाणी शोषून घ्यायचं असतं. मांसातल्या कोलॅजेन या चिवट प्रथिनाचं मऊ जिलेटिन व्हायलाही ओलावा लागतो. इथे प्रेशर कुकरला तोड नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ यांनी 1679 मध्ये दाखवलेलं तत्त्वच आजही चालतं: वाफ कोंडली की दाब वाढतो, आणि दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. वातावरणाच्या वर आणखी तितकाच दाब मिळाला तर पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं. विजेवरचे कुकर सहसा याहून थोडा कमी दाब ठेवतात, म्हणून त्यांना गॅसवरच्या कुकरपेक्षा काही मिनिटं जास्त लागतात. शिवाय वाफेचं अन्नावर पुन्हा पाणी होतं तेव्हा पोटातली ती 2257 किलोजूल परत देते. 200 अंशांच्या ओव्हनमधल्या हवेत हात क्षणभर घालता येतो. 100 अंशांच्या वाफेत घालून बघू नये.

जाता जाता एक इशारा. अनेक विद्युत कुकरांत मंद आचेचं बटण असतं. राजमा त्यावर थेट शिजवू नये. कच्च्या राजम्यातलं फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन 75-80 अंशांना नष्ट होत नाही. भिजवलेलं पाणी टाकून, ताज्या पाण्यात किमान 10 मिनिटं खळखळून उकळावंच लागतं. दाबावर शिजवलात तर ही काळजी उरत नाही.

आता कोरडा गट: ओव्हन आणि एअर फ्रायर. हवा उष्णतेची फारच दुबळी हमाल आहे. 1 घनमीटर हवा एका अंशाने तापवायला जेमतेम 1.2 किलोजूल लागतात, तेवढ्याच पाण्याला सुमारे 4200. म्हणूनच पंखा हवा. तो अन्नाभोवती चिकटून बसलेला दमट, थंड हवेचा थर पातळ करतो आणि वाफ उडवून लावतो. 2010 साली फिलिप्सने बाजारात आणलेल्या एअर फ्रायरची करामत हीच: लहान पोकळी, दणकट हीटर आणि जोरदार पंखा. पण त्यात अन्न ढिगाने भरलं की मधल्या तुकड्यांची वाफ बाहेर निघत नाही आणि ते भाजण्याऐवजी उकडतात.

मायक्रोवेव्हची चाल वेगळी. 2.45 गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि काही सेंटिमीटर खोलवर अन्न तापतं. आतली हवा मात्र थंडच राहते, त्यामुळे पृष्ठभाग सुकत नाही आणि ब्रेड लिबलिबीत होतो. अन्न गरम करायला उत्तम, भाजायला नापास. बर्फ या लहरी फारच कमी शोषतो. म्हणून गोठलेल्या अन्नाच्या कडा शिजू लागतात तरी मधला गोळा दगडच राहतो.

दोन्ही गट एकत्र आणणारी यंत्रंही मिळतात. कुरकुरीत करणारं वेगळं झाकण असलेला प्रेशर कुकर घ्या: वाफ एकाच वेळी कोंडता आणि उडवता येत नाही, म्हणून तर त्याला दोन व्यवस्था लागतात. भांडं खोल आणि अरुंद असल्याने तळाशी हवा नीट खेळत नाही. कोरडी कामं त्यात होतात, पण थोड्या थोड्या घाण्यांनी.

घरात शेगडी असेल तर ओली कामं तिच्यावर साध्या कुकरमध्ये होतातच. शेगडीला जमत नाही ते चारही बाजूंनी कोरडी उष्णता देणं; म्हणून अशा घराने पंख्याचा, रुंद ट्रेचा छोटा ओव्हन घ्यावा असं माझं मत. शेगडीच नसेल तर परतण्याची सोय असलेला विद्युत प्रेशर कुकर. आणि मुख्य काम अन्न गरम करण्याचंच असेल तर साधा मायक्रोवेव्ह पुरे, जोड-सुविधांवर पैसे घालू नयेत.

कोरड्या गटातलं काही घेताना लिटरच्या आकड्याला भुलू नका. लिटर उंचीनेही वाढतात, आणि कुरकुरीतपणाला उंचीचा उपयोग नाही. टोपलीचा तळ मोजा. 20 सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी तळाचं क्षेत्रफळ 400 चौरस सेंटिमीटर, 25च्या तळाचं 625. फक्त 5 सेंटिमीटरच्या फरकाने एका थरात दीडपटीहून जास्त अन्न मावतं.